बाटलीवर ‘ऑलिव्ह’, आत काय?

रील्स बघून डाएट सुरू केलंत आणि ऑलिव्ह ऑइलची महागडी बाटली घरी आणलीत? मग तिचं लेबल एकदा नीट वाचाच.

या तेलाचा सर्वांत मोठा उत्पादक स्पेन. २०२२ आणि २०२३ मध्ये तिथे दुष्काळ पडला, उत्पादन निम्म्यावर आलं आणि जगभर भाव भडकले. भाव चढला की भेसळवाल्यांचं फावतं. २०२३ च्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या पोलिसांनी ११ जणांना पकडलं, तब्बल २ लाख ६० हजार लिटर तेल जप्त केलं. चांगल्या तेलात हलक्या प्रतीचं तेल मिसळायचं, असा हा धंदा.

पण फसायला दरवेळी भेसळच लागते असं नाही. ‘पोमेस’ म्हणजे फळांच्या उरलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं, रिफाइन केलेलं तेल. ते विकणं गुन्हा नाही. पण त्याला ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’चा भाव कशाला द्यायचा? ‘लाइट’मध्येही फक्त चव हलकी, कॅलरी तेवढ्याच!

मग घ्यायचं कसं? गडद काचेची, लहान बाटली बघा. काढणीची तारीख छापली असेल तर उत्तमच. रंगावर जाऊ नका. फ्रिजमध्ये गोठवून बघायची युक्तीही भरवशाची नाही. ताजं एक्स्ट्रा व्हर्जिन किंचित कडवट लागतं, घशाला झोंबतं. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला, तर सरळ दुकानदाराला विचारा.

आणि परवडत नसेल, तर फोडणीला आपलं शेंगदाणा तेल आहेच की!