शोभेच्या झाडांवरील शत्रु आणि मित्र

अंगणांतील जास्वंदीच्या किंवा चाफ्याच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, कीं आपण लागलीच पंप भरून औषध मारितों. पिकावरील कीड नीट पाहून मगच खर्चास हात घालणारा बागाईतदार शोभेच्या झाडाविषयीं मात्र उतावळा होतो. या उतावळेपणामुळें पुष्कळदां चोर सुटतो आणि राखणदार मारला जातो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा कापूस म्हणजे बहुधा पिठ्या ढेकूण, अर्थात् मिलीबग होय. तो झाडाचा रस शोषितो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व मुंग्या जमतात. परंतु त्याच घोळक्यांत तसाच पांढरा, पण अंगावर मेणाचे लांब झुपके असलेला जीव आढळल्यास हात आवरावा. ती क्रिप्टोलेमस नांवाच्या भुंगेऱ्याची अळी असते आणि ढेकूण व त्यांचीं अंडीं हेंच तिचें भक्ष्य. हा भुंगेरा १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतून कॉफीवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठीं आपल्या देशांत आणिला गेला. आज तो प्रयोगशाळांत वाढवितात व द्राक्षबागांत सोडतात. जो जीव मळ्यासाठीं पैसे मोजून आणावयाचा, तोच अंगणांत औषध विकत घेऊन मारावयाचा, हा कोठला हिशेब ?

ओळखण्याची रीत सोपी आहे. काडीनें हलकेंच डिवचावें. ढेकूण जागचा फारसा हलत नाहीं. अळी चालूं लागते. पूर्ण वाढलेली अळी ढेकणाच्या दुपटीहून लांब भरते. भुंगेरा काळसर असून त्याचें डोकें व मागील टोंक नारिंगी असतें. तसेंच पानावर केसासारख्या देठांच्या टोंकांस बारीक अंडीं दिसल्यास तीं बुरशी समजून पुसूं नयेत. तीं क्रायसोपाचीं असून तिच्या अळ्या मावा खातात.

औषध कधींच मारूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र प्रथम भिंग घेऊन पाहावें, फार किडलेले शेंडे मित्रकिडी नाहींत याची खात्री करून मगच छाटून जाळावे, आणि मुंग्यांची वाट बंद करावी. कारण गोड स्रावाच्या लोभानें मुंग्या ढेकणांचें त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करितात. एवढ्यानें न भागल्यास मग औषधाचा विचार करावा.

अंगणांतील झाड हें मित्रकिडींचें माहेर आहे. तेथें वाढलेले भुंगेरे कुंपण ओलांडून मळ्यांतही जातात. माहेर उजाड केल्यावर मळ्यांत त्यांची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.