ग्रंथांना हार नको, वाचक हवेत!

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आमचा समाज पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतो. फडक्यात भाकरी बांधून आलेली माय परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जाते, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. ज्या महामानवाने ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्याच्या लेकरांना हेच शोभते. परंतु पुढे त्या ग्रंथांचे काय होते? घराघरांत ते शोकेसमध्ये, बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी, न उघडलेले दिसतात. ग्रंथाला हार घातला की तो वाचण्याची जबाबदारी संपली, असे आम्ही समजतो काय?

म्हणून आज चार कलाकृती सुचवीत आहोत. आमची पाठ थोपटणाऱ्या नव्हे, आम्हालाच जाब विचारणाऱ्या.

पहिली, बाबासाहेबांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. इनमीन वीस-पंचवीस पानांचे हे लेखन मराठीतही मिळते. मसूर स्टेशनवर महारांची पोरे म्हणून कोणी गाडीवान मिळेना, तेव्हा दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली. पुढे १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला आलेल्या बॅरिस्टर आंबेडकरांनाही टांगेवाल्याने नाकारलेच. शिकलो, नोकरी लागली, आता जात कुठे राहिली, असे म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित बांधवांनी हे आधी वाचावे.

दुसरे, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणच्या या माउलीने दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून हे लिहिले. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यात गावगाड्याचा जुलूम आहेच. पण आमच्याच घरात सुनेचा झालेला छळही आहे. वकिली करताना आमच्यासमोर मारहाणीची तक्रार घेऊन बसलेली भगिनी कधी कधी चळवळीतल्याच घरची असते. नवरा सभेत समतेवर बोलतो आणि घरी हात उगारतो! अशा कार्यकर्त्याने हे पुस्तक बायकोला भेट देऊ नये, स्वतः वाचावे.

तिसरे, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). या दोघींनी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे आमच्या किती तरुणांना ठाऊक आहे? आज जयंतीच्या व्यासपीठावर किती भगिनी बसतात, हेही एकदा मोजावे.

चौथा चित्रपट आहे, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). गटारात मेलेल्या सफाई कामगाराने म्हणे लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली! यावर खटला चालतो, तारखा पडतात. त्या कामगाराची विधवा साक्ष देते, की तो आत खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाही आणि मगच उतरे. आम्ही न्यायालयात रोज वावरतो, म्हणून सांगतो, अन्याय तिथे ओरडत येत नाही. पुढची तारीख घेऊन येतो. शाहिराची भूमिका करणारे नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्यांना अभिवादन म्हणून तरी हा चित्रपट वस्तीत एकत्र बसून पाहावा.

वर्षावासात आमच्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ते चालू राहावेच. पण आठवड्यातील एक संध्याकाळ या पुस्तकांसाठी राखून ठेवावी. नववी-दहावीच्या मुलीने मोठ्याने वाचावे आणि पुरुषांनी मांडी घालून ऐकावे. वाचून झाल्यावर वादही घालावा. शोकेसची किल्ली आपल्याच घरात आहे. ती आजच फिरवा.

जय भीम!