बारामतीचा श्रोता

१९८१ साली कॅलिफोर्नियातील 'ब्लॅक फ्लॅग' या बँडने 'डॅमेज्ड' हा आपला पहिला पूर्ण लांबीचा अल्बम काढला. पंक संगीताची 'हार्डकोअर' ही शाखा तेव्हा नुकती आकार घेत होती. गाणी बहुधा तोकडी, गती अंगावर येणारी आणि गायन आरोळीच्या जवळ जाणारे. मुखपृष्ठावर गायक हेन्री रोलिन्स आरशावर मूठ आपटताना दिसतो. ज्या मोठ्या कंपनीने या अल्बमचे वितरण करायचे होते, त्या एमसीएच्या अधिकाऱ्याने ते नाकारले. पालक या नात्याने आपल्याला ही ध्वनिमुद्रिका पालकविरोधी वाटते, असे कारण त्याने दिले. बँडने त्याचे तेच मत चिठ्ठीवर छापून आवरणावरील कंपनीच्या चिन्हावर चिकटवले, आणि अवमान हीच जाहिरात झाली. पुढे २००३ साली 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी केली, तेव्हा तीत 'डॅमेज्ड'ला मानाने जागा मिळाली.

ही दोन्ही श्रोत्यांचीच मते आहेत. एक नाकारणारे आणि एक गौरवणारे. दोहोंतही एक गोष्ट मात्र हरवते, ती म्हणजे त्या ध्वनिमुद्रिकेत नेमके काय आहे हा प्रश्न. तिच्यातील 'टीव्ही पार्टी' हे गाणे दूरचित्रवाणीपुढे बसून बिअर पिणाऱ्या तरुणांचे आहे. म्हणजे बंडखोर पोरांचीच त्यात टिंगल आहे. जो केवळ पालक म्हणून ऐकतो त्याला ही टिंगल ऐकू येत नाही, आणि जो यादीतला मानबिंदू म्हणून ऐकतो त्याला ती बोचत नाही. प्रक्षोभक कलेविषयीच्या मतांचा विचार करताना मला हा तिढा महत्त्वाचा वाटतो. तो समजून घेण्यासाठी कॅलिफोर्नियात थांबण्याचे कारण नाही. मराठीत त्याचे एक ठळक उदाहरण दोन शतकांहून जुने आहे, आणि ते बारामतीचे आहे.

राम जोशी हा सोलापूरचा. घर वेदशास्त्रसंपन्न, थोरले बंधू मुद्गल जोशी हे व्युत्पन्न पुराणिक, आणि धाकट्याचा ओढा मात्र तमाशाच्या फडाकडे. ब्राह्मणाच्या मुलाने डफ-तुणतुण्याच्या संगतीने लावण्या रचाव्यात आणि त्या फडावर म्हणाव्यात, हे त्या काळात घराण्याला बट्टा लावणारेच होते. परंपरा सांगते की भावाने त्याला घराबाहेर काढले. एमसीएच्या अधिकाऱ्याने पालक म्हणून जे केले, तेच मुद्गलशास्त्र्यांनी वडील बंधू म्हणून केले. ऐकून मत देण्याआधी नात्याने मत दिले. घर सुटल्यावर राम जोशी पंढरपुरास गेला आणि तेथे त्याने संस्कृत काव्य-शास्त्राचे अध्ययन केले. मात्र अध्ययनाने लावणी सुटली नाही. उलट लावणीतच ते अध्ययन उतरले. संस्कृत समास, शब्दालंकार आणि एकाच रचनेत अनेक भाषा खेळवण्याची हौस हे त्याच्या कवितेचे विशेष होत. ज्या फडाला शिष्टजन 'अशिष्ट' म्हणत होते, त्याच फडात त्यांच्याच विद्येचे अलंकार घालून तो उभा राहिला. त्याच्या प्रक्षोभाचे मर्म येथे आहे. नुसता शृंगार त्या काळात नवा नव्हता. आपलीच विद्या परक्या अंगणात नाचताना पाहणे शिष्टांना अधिक झोंबले असावे.

त्याच काळात बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) पुराण सांगत होते आणि आर्या रचत होते. 'आर्याभारत' आणि 'केकावली'चा हा कर्ता मराठी पंडिती कवितेचा शेवटचा मोठा प्रतिनिधी मानला जातो. राम जोशी आणि मोरोपंत यांच्या भेटीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिची रूपे अनेक असली तरी गाभा एकच आहे. पंतांनी राम जोशींची लावणी ऐकली, तिच्यातील कवित्वाला मनापासून दाद दिली आणि ही प्रतिभा हरिकीर्तनाकडे वळावी अशी इच्छा व्यक्त केली. पुढे राम जोशी कीर्तनात पंतांच्या आर्या म्हणू लागला आणि त्या आर्या गावोगाव पोहोचल्या.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. साऱ्या शिष्ट समाजाला जे ऐकवत नव्हते, ते पंतांना कसे ऐकू आले? 'थोरांचे मन मोठे' हे उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. माझ्या मते उत्तर पंतांच्या कारागिरीत आहे. त्यांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारावे लागणारे एकही अक्षर नाही. रामाची कथा सांगायची आणि 'म' वापरायचा नाही, असा तो पण आहे. १२ आणि १८ मात्रांच्या चरणांवर ज्याने आयुष्य वेचले, यमकासाठी ज्याने भाषेचा कानाकोपरा धुंडाळला, त्याचा कान विषयाच्या आधी घडण ऐकतो. ढोलकीच्या तोडीवर शब्द कुठे पडतो, लांबलचक समास तालात कसा बसतो, श्लेषाची कळ कुठे दाबली आहे, हे एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचे ऐकले. पंतांची दाद ही धंद्यातल्या माणसाची दाद होती, म्हणून ती खरी होती. वर उल्लेखलेल्या अधिकाऱ्यापाशी आणि मुद्गलशास्त्र्यांपाशी हा कान नव्हता, किंवा असला तरी त्या क्षणी तो बंद होता.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. पंतांनी ऐकले, पण ऐकून थांबले नाहीत. त्यांनी वळण सुचवले. आपल्या वाङ्मयेतिहासाने तर दादीपेक्षा वळणच अधिक लक्षात ठेवले. चुकलेला ब्राह्मणपुत्र, त्याला सन्मार्ग दाखवणारा वृद्ध कवी आणि अखेर कीर्तनात झालेली शुद्धी, असा या कथेचा साचा झाला. वास्तविक राम जोशी पुन्हा लावणीकडे वळला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने पुण्यात गाजला, हेही परंपराच सांगते. पण कथेच्या सोयीसाठी ते मागे पडते. नाकारणारा श्रोता कलेला दाराबाहेर उभी करतो. सुधारणारा श्रोता तिला घरात घेतो, पण उंबऱ्यावर तिचे पैंजण काढून ठेवायला लावतो. माझे म्हणणे असे की दीर्घकाळात दुसराच अधिक नुकसान करतो, कारण त्याने केलेली काटछाट सन्मानासारखी दिसते.

या म्हणण्याला आधार हवा असेल तर विसाव्या शतकाच्या मध्याकडे पाहावे. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. एकाच समाजाने पडद्यावरच्या शाहिराला फेटे उडवून दाद द्यावी आणि जत्रेतल्या शाहिराच्या फडाला कुलूप घालावे, यात वरवर विसंगती दिसते. प्रत्यक्षात दोन्ही कृती एकाच मनोवृत्तीच्या आहेत. सुधारलेला, इतिहासजमा झालेला शाहीर चालतो. समोर उभा असलेला चालत नाही.

बारामती-इंदापूरच्या मातीत याचे आणखी एक उदाहरण दरवर्षी आषाढात चालत जाते. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरते. बेलवाडीत आणि इंदापुरात रिंगण होते. हजारो कंठांतून अभंग उठतात. तुकोबांची वाणी तिच्या काळात प्रक्षोभकच होती. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी तिला विरोध केला आणि पुढे तेच तिचे भक्त झाले, ही कथा आपण सारे जाणतो. श्रोत्याचे मत मुळापासून पालटल्याचे इतके मोठे उदाहरण मराठीत दुसरे नसेल. पण गाथा उघडून पाहावी. दांभिकांवर तुटून पडताना तुकोबांनी वापरलेले शब्द आजही सभेत उच्चारणे अवघड जाईल. ते अभंग रिंगणात आणि शालेय पुस्तकात किती वेळा ऐकू येतात? वाणी स्वीकारली गेली, पण तिच्यातला जाळ बव्हंशी छापील पानात राहिला. वारीची थोरवी याने उणी होत नाही. केवळ एवढे दिसते की गौरव करणाऱ्या समुदायालाही निवडक ऐकण्याची सवय असते.

मग नाकारणे आणि सुधारणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि त्याचाही मराठीत पुरावा आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्या प्रस्तावनेत तेंडुलकरांनी लपवले नाही. ते कवीला अर्थ विचारत गेले आणि ज्या वस्तीतून ते शब्द आले तिथे त्याच्याबरोबर फिरले. नामवंत नाटककाराने नवख्या कवीपुढे शिष्य होणे ही मराठी समीक्षेतली एक मोठी घटना आहे. तेंडुलकरांनी ढसाळांना वळण सुचवले नाही. स्वतःचे कान वळवले. पंतांच्या दादीत कारागिराचा कान होता. तेंडुलकरांच्या दादीत त्याच्या जोडीला आपल्या अज्ञानाची कबुली होती. तिसऱ्या प्रकारचा श्रोता या दोहोंतून घडतो.

येथे एक आक्षेप रास्त ठरेल. जे जे धक्का देते ते ते थोर, असे मानायचे काय? मुळीच नाही. शर्मिला रेगे यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधील लेखात लावणी आणि पोवाडा यांची जात आणि लिंगभावाच्या अंगाने चिकित्सा केली. ती वाचल्यावर शृंगारिक लावणी म्हणजे निखळ मुक्तीचा उद्गार असे भाबडेपणाने म्हणता येत नाही. लावणीतली स्त्री बोलते, पण तिचे बोलणे बहुधा पुरुषाने रचलेले असते, आणि ते सादर करणाऱ्या स्त्रियांच्या जातीचा आणि पोटाचा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो. पंतांचे मत आपल्यापर्यंत आले, मुद्गलशास्त्र्यांचे आले, बाजीरावाची मर्जी आली. फडावर नाचणाऱ्यांचे आणि जमिनीवर बसून रात्र जागवणाऱ्यांचे मत कोणी टिपून ठेवले नाही. हा आक्षेप मी मानतो. पण तोही ऐकल्यावरच घेता येतो, हे विसरता कामा नये. रेगे यांची चिकित्सा लावणीपाशी थांबून, तिचा इतिहास वाचून केलेली आहे. ती दार लावून घेणारी नाही. कठोर मत आणि बंद कान या भिन्न गोष्टी आहेत.

हा सारा विचार आज करण्याचे कारण उघड आहे. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या नृत्याच्या कार्यक्रमांवरून महाराष्ट्रात वाद झाला, तेव्हा 'ही लावणी नव्हे' हे वाक्य सर्वत्र ऐकू आले. ते खरेही असू शकेल. पण लावणी म्हणजे काय, तिची रचना कशी, राम जोशींची लावणी कोणत्या तालात बसते आणि ती तिच्या काळी कोणाला का झोंबली, हे ते वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी कितींना सांगता आले असते? आणि ते शिकवण्याची जबाबदारी कोणाची होती? ती आपली, साहित्य शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची होती. आपल्या वर्गांत शाहिरी कविता बहुधा कवींच्या नावांची यादी, आश्रयदाते आणि 'शृंगाराचा अतिरेक' हा शेरा एवढ्यावर आटोपते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लावणीला कमी लेखतो आणि रात्री जत्रेत तिच्यासाठी शिट्टी वाजवतो. या दोन मतांची गाठ वर्गात कधी पडतच नाही.

ती पाडली पाहिजे. मोरोपंतांची आर्या आणि राम जोशींची लावणी एकाच तासाला, शेजारी शेजारी, मोठ्याने वाचावी. मात्रा मोजाव्यात, टाळी धरावी, श्लेष सोडवावा आणि त्यानंतर खुशाल नापसंती नोंदवावी. जो विद्यार्थी सकारण नापसंती नोंदवील, तो ऐकल्याविना वाहवा करणाऱ्यापेक्षा चांगला श्रोता ठरेल. बारामतीच्या त्या वृद्ध कवीकडून आपण कीर्तनाचा उपदेश उचलला. त्याने लावणी आधी शेवटपर्यंत ऐकून घेतली होती, हे उचलायचे राहिले आहे.