कोपरा सांभाळणारे हात

वाचकहो, शहापूर-मुरबाडच्या गावांना कबड्डीची ओळख करून देण्याचे कारण नाही. आज या सदरात एका कबड्डीपटूच्या कारकिर्दीविषयी लिहावयाचे आहे. कारण त्याची कला उतारवयास आणि वृद्धांची काळजी वाहणाऱ्यांस फार उपयोगी आहे.

गिरीश मारुती इरनाक हा आपल्याच ठाणे जिल्ह्याचा खेळाडू. सात जणांच्या संघात त्याची जागा डाव्या कोपऱ्याची. चढाई करणाऱ्याचे नाव गाजते. कोपरारक्षकाचे काम मात्र वाट पाहण्याचे. गुडघे किंचित वाकवून, पावलांत अंतर ठेवून, शेजारच्या सहकाऱ्याचा हात धरून तो उभा असतो आणि नेमक्या क्षणी चढाईपटूचा पाय पकडतो. या बळावर गिरीशने प्रो कबड्डीत बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स अशा संघांतून खेळ केला. 2018 च्या हंगामात पुणेरी पलटणचे नेतृत्वही त्याच्याकडे होते.

त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तो भारतीय संघात होता. 1990 पासूनची पुरुष कबड्डीची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली होती. या वेळी मात्र गटातील सामन्यात दक्षिण कोरियाने 24-23 असे हरविले, उपांत्य फेरीत इराणने, आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. एवढ्या मोठ्या पराभवानंतरही गिरीश पुढील हंगामांत मैदानात उभा राहिलाच.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पावसाळ्यात शेवाळलेली पायरी, रात्री अंधारातून मोरीकडे जाण्याची वाट, उंच उंबरठा हेच आपले चढाईपटू. वय वाढले की एक पडणे खुब्याचे हाड मोडून माणसास अंथरुणास खिळवू शकते. पडल्यानंतरची भीतीही तितकीच घातक. भीतीने चालणे थांबते, न चालल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळे पाय पुन्हा पाडतात.

म्हणून पवित्रा सांभाळावा. पासष्टी उलटलेल्यांनी आठवड्यातून किमान 3 दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिंतीस टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून सावकाश उठावे, पुन्हा बसावे. भिंतीस हात लावून एका पायावर क्षणभर उभे राहावे. जवळ कोणीतरी असू द्यावे आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंथरुणातून उठताना कडेवर मिनिटभर बसून मगच पाय टेकावेत. एक पाय दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी.

सांभाळणाऱ्यांनो, आजीला चालविताना तिचा दंड ओढू नका. तिच्या अशक्त बाजूस, किंचित मागे राहून चाला आणि तिलाच तुमचा हात धरू द्या. ती पडलीच, तर घाईने उचलू नका. खुब्यात तीव्र वेदना असतील वा पाय वळलेला, आखूड दिसत असेल, तर न हलविता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

कबड्डीत एक सुंदर नियम आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या यशस्वी पकडीस एकाऐवजी दोन गुण मिळतात. मुले कामासाठी कल्याण-मुंबईस गेली की आपल्या कित्येक घरांत एक वृद्ध आणि एक सांभाळणारी सून एवढीच माणसे उरतात. तिच्या प्रत्येक वेळच्या आधाराचे मोल असेच दुप्पट असते. त्या गुणाची नोंद कोठल्याच फलकावर होत नाही. ती आपण घरच्यांनी ठेवावी. आणि आठवड्यातून एक दिवस तरी तिचा कोपरा दुसऱ्या कोणी सांभाळावा, म्हणजे तिलाही विसावा मिळेल.