विश्लेषण : ‘शनिवार आणि रविवारी सुट्टी’ संगणकाला का कळत नाही?

ग्रंथालयाच्या दारावर ‘शनिवार आणि रविवारी सुट्टी’ अशी पाटी असली, तर कोणाचाही गोंधळ होत नाही. प्रोग्रामिंग शिकणारा विद्यार्थी मात्र हेच वाक्य जसेच्या तसे अटीत उतरवतो : ‘वार शनिवार आहे अँड वार रविवार आहे’. मग सुट्टी कधीच लागत नाही. एकच दिवस शनिवार आणि रविवार दोन्ही कसा असेल? बोलण्यातल्या ‘आणि’च्या जागी इथे ‘ऑर’ लागतो.

अर्धवट तुलना

‘ऑर’ आला तरी चूक संपत नाही. पायथनमध्ये ‘वार बरोबर शनिवार ऑर रविवार’ अशी अट घातली, तर सुट्टी रोजच! ‘ऑर’नंतरचा ‘रविवार’ कशाशीच ताडून पाहिला जात नाही आणि रिकामा नसलेला मजकूर पायथन ‘खरा’ मानते. तुलना दोन्ही वेळा पूर्ण लिहावी लागते.

नकाराचा घोळ

कामाचा दिवस ओळखण्यासाठी ‘वार शनिवार नाही ऑर वार रविवार नाही’ असे लिहिले, तर सातही दिवस कामाचे ठरतात. कारण शनिवार हा रविवार नसतोच. इथे ‘अँड’ हवा. नकार कंसाच्या आत नेला की ‘ऑर’चा ‘अँड’ होतो, हा गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम.

हे गंभीर का?

सी किंवा जावामध्ये सेमीकोलन विसरला तर कंपायलर अडवतो. तर्कातली चूक निमूट चालते. सवलतीची किंवा शिष्यवृत्तीची पात्रता अशाच अटींवर ठरत असेल, तर पात्र माणूस बाहेर राहतो आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.

२००३ मध्ये लिनक्स कर्नेलच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. तुलनेच्या दोन ‘बरोबर’ चिन्हांऐवजी तिथे एकच होते. त्यामुळे तपासणी वाटणारी ओळ प्रत्यक्षात सर्वाधिकार देत होती. वेळीच लक्षात आले म्हणून निभावले.

उपाय वहीतच

आधी वाक्यरचना, मग तर्क हा शिकवण्याचा क्रम उलटायला हवा. कोड लिहिण्याआधी वहीत शनिवार, रविवार, बुधवार अशा तीन ओळी आखाव्यात आणि प्रत्येकीपुढे अपेक्षित उत्तर लिहावे. वरच्या तिन्ही चुका या तक्त्यात लगेच सापडतात. प्रोग्राम नुसता चालला म्हणून पूर्ण गुण देणे थांबले पाहिजे. तो बुधवारी काय उत्तर देतो, हेही तपासायला हवे.