रिकामी टाकी आणि बदनाम टर्बो : ओल्ड्समोबिल जेटफायरचा फेरतपास

थ्रेड :

१९६५ च्या सुमारास अमेरिकेतील ओल्ड्समोबिल विक्रेत्यांच्या गॅरेजांत एक विलक्षण काम चालू होते. तीनच वर्षांपूर्वी मोठ्या दिमाखाने बाजारात आणलेल्या ‘जेटफायर’ या स्पोर्ट्स कूपेचा टर्बोचार्जर कंपनी स्वखर्चाने उतरवून देत होती आणि त्या जागी साधा फोर-बॅरल कार्ब्युरेटर बसवीत होती. सामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशा जगातील पहिल्या दोन टर्बो मोटारींपैकी ही एक. तिचे वैशिष्ट्यच काढून घेण्यात आले, आणि मोटारींच्या इतिहासात तिच्या नावापुढे एक सोपा शेरा उरला : काळाच्या पुढे होती, म्हणून फसली.

हा शेरा आळशी आहे. ‘काळाच्या पुढे’ म्हटले की नेमके काय बिघडले, कुठे बिघडले आणि कोणाच्या चुकीने बिघडले, हे शोधण्याचे कष्ट वाचतात. बखरीतल्या एखाद्या लढाईचा निकाल ग्रहताऱ्यांवर ढकलावा, तसा हा प्रकार. अस्सल कागद हाती असताना बखरीवर विसंबू नये, हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. जेटफायरच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे खुद्द तिचे इंजिन, आणि ते वाचण्याची पद्धत म्हणजे दुरुस्ती.

आधी यंत्राची ओळख. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या जोराने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून परत इंजिनात भरायची, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर लिबर्टी हे विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बो इंजिनाची शक्ती टिकवून धरतो, हे दाखवून दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्टसारख्या लढाऊ विमानांनी टर्बोबरोबर आणखी एक युक्ती वापरली : कमाल शक्ती हवी असेल तेव्हा इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात पाण्याचा फवारा सोडायचा. जर्मनांकडेही पाणी व मेथॅनॉल यांचे असेच मिश्रण होते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, मिश्रण थंड राहते आणि ते ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप भडकून पिस्टनवर हातोड्यासारखे घाव घालीत नाही. मेकॅनिक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच.

जेटफायरच्या अभियंत्यांनी ही युक्ती जवळजवळ जशीच्या तशी रस्त्यावर आणली. तिचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन २१५ घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे. शक्ती २१५ अश्वशक्ती. घनइंचाला एक अश्वशक्ती, हा जाहिरातीला फार सोयीचा हिशेब होता. पण त्यासाठी एक धाडस करावे लागले. टर्बो लावला की सिलिंडरमधील दाब वाढतो, म्हणून इंजिनाचे मूळ संपीडन गुणोत्तर कमी ठेवण्याची रीत आहे. ओल्ड्समोबिलने ते १०.२५ ला १ असे चढेच ठेवले आणि त्यावर गॅरेटचा छोटा टर्बो सुमारे ५ पीएसआय दाब चढवू लागला. नॉकिंगला हे उघड आमंत्रण. ते टाळण्यासाठी बॉनेटखाली एक वेगळी टाकी दिली. तिच्यात शुद्ध पाणी, मेथॅनॉल आणि थोडे गंजरोधक द्रव्य. नाव मोठे रुबाबदार : ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’.

आता सारे नाट्य या टाकीभोवती घडते.

पेट्रोलप्रमाणेच हा द्रवही संपणारा होता. तो संपला तर इंजिन वाचावे म्हणून प्रवेशमार्गात एक जादा झडप ठेवलेली होती. टाकी रिकामी झाली की ही झडप मिटत जाई, टर्बोचा दाब वाढू देत नसे आणि गाडी संथ होई. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख म्हणावी लागेल, कारण यंत्र स्वतःचे रक्षण करीत होते. पण चालकाच्या आसनावरून हेच दृश्य पाहावे. काल भरधाव पळणारी, चांगले पैसे मोजून घेतलेली गाडी आज चढावर धापा टाकते. खडखडाट नाही, धूर नाही, कुठे गळतीही दिसत नाही. मग मालक काय म्हणणार? टर्बो गेला. आणि टर्बो नावाची वस्तू आयुष्यात प्रथमच पाहणारा गावचा मेकॅनिक मान डोलावणार.

टाकी रिकामी, इतकाच तो ‘बिघाड’ असू शके. बाटलीभर द्रवाने बरा होणारा.

विमानात ही युक्ती का चालली, या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. लढाऊ विमानाच्या मागे जमिनीवर माणसांचा ताफा असे. प्रत्येक उड्डाणापूर्वी टाक्या भरणारा, नळ्या तपासणारा, नोंदवहीत सही करणारा. वैमानिकाला टाकीची आठवण ठेवावी लागत नसे. ती ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी होती आणि ती हुकली तर जाब विचारला जाई. जनरल मोटर्सने विमानातले यंत्र मोटारीत आणले, पण तो ताफा मागेच राहिला. त्याची सारी कामे माहितीपुस्तकातील काही ओळींमार्फत एका अशा माणसावर सोपवली गेली, ज्याला आजवर तेल आणि पाणी यापलीकडे गाडीत काही भरावे लागले नव्हते. १९६२ चा दोष असा संघटनेचा आहे. टर्बोला त्यात साक्षीदार म्हणून बोलवायला हवे होते. आरोपी म्हणून उभे करण्यात आले.

याला पुरावा हवा असेल तर तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या दालनात आहे. १९६२ मध्येच जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर ही टर्बो गाडी काढली. तिचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन १५० अश्वशक्तीचे. संपीडन ८ ला १ इतके उतरवलेले, द्रवाची टाकी नाही, दाब सोडणारी वेस्टगेट झडपही नाही. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांच्या अरुंदपणानेच टर्बोला लगाम घातलेला. ओबडधोबड उपाय, पण मालकाकडून काहीही जादा न मागणारा. टर्बो कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत विकली गेली. जेटफायर दोन वर्षांत दहा हजारांचा आकडाही न गाठता बंद पडली. टर्बो दोन्हींत होता; टाकी एकीतच होती.

खरे नुकसान मात्र रिकाम्या टाकीने केले नाही, ते चुकीच्या निदानाने केले. ‘गाडी ओढत नाही’ अशा तक्रारीवर एखाद्या हिकमती माणसाने ती संरक्षक झडपच तारेने उघडी बांधून ठेवली, तर गाडी पुन्हा पळू लागे आणि मालक खूशही होई. पण आता टाकीत द्रव नाही, इंजिनात पूर्ण दाब आहे आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. पुढे काय होणार हे सांगण्यासाठी अभियंत्याची गरज नाही. कोणी घरीच पाणी आणि मेथॅनॉल मिसळून भरले, तर गाडी चाले; मात्र गंजरोधक द्रव्य नसल्यामुळे ॲल्युमिनियमच्या भागांना आतून कीड लागे. अशा इंजिनाचे हेड आज उघडले तर या चुका धातूवर कोरलेल्या दिसतात. पिस्टनच्या कडेला पडलेले खड्डे नॉकिंगची कथा सांगतात, पांढरट क्षार चुकीच्या मिश्रणाची. ताम्रपटावरील अक्षरे वाचणाऱ्याने ही लिपी कमी लेखू नये.

म्हणूनच जुनी टर्बो गाडी दुरुस्त करताना क्रमाला इतके महत्त्व आहे. अनाडी माणूस सर्वांत महागड्या भागापासून सुरुवात करतो. जाणता मेकॅनिक सर्वांत स्वस्त कारणापासून. जेटफायरसमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न : टाकीत द्रव आहे का? दुसरा : टाकीचे झाकण हवाबंद बसते का? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण टर्बोचाच दाब टाकीत सोडून त्या दाबाने द्रव पुढे ढकलला जाई. झाकणाचे रबर चिरले असेल तर भरलेली टाकीही रिकामीसारखीच वागते. त्यानंतर नळ्या आणि रबरी पडदे. साठ वर्षांत हे पडदे कडक होऊन तडकतात, आणि इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल जुन्या रबराचा राहिलेला जीवही काढून घेते. मग ती जादा झडप मिटलेल्या अवस्थेत अडकली आहे का, आणि वेस्टगेट गंजाने जखडले आहे का, हे पाहायचे. वेस्टगेट उघडे अडकले तर दाब तयारच होत नाही. बंद अडकले तर नको इतका होतो. एकाच भागाचे दोन बिघाड, अगदी विरुद्ध लक्षणांचे.

इतके सारे झाल्यावर टर्बोची पाळी. दांडा हाताने फिरवून पाहावा, तो आडवा-उभा किती हलतो ते मोजावे, चाकाची पाती कवचाला घासल्याच्या खुणा आहेत का ते न्याहाळावे. तेल आणणारी नळी आतून जळक्या तेलाच्या काजळीने बुजली असेल, तर नवा टर्बोही फार दिवस टिकणार नाही. त्या काळच्या टर्बोच्या बेअरिंगांना वंगण आणि गारवा दोन्ही बहुधा तेलच पुरवी. गरम इंजिन एकदम बंद केले की तेल जागच्या जागी भाजून निघे.

निळ्या धुराने तर भल्याभल्यांना फसवले आहे. जेटफायरमध्ये कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी आहे, म्हणजे टर्बो हवा आणि पेट्रोल यांचे तयार मिश्रण ओढतो. चालकाने पाय उचलला की मिटलेल्या कार्ब्युरेटरच्या पलीकडे निर्वात तयार होतो आणि तो टर्बोच्या दांड्यालगतचे तेल खेचू पाहतो. ते अडवायला कार्बनचे खास सील लागते. ते झिजले की धूर येतो. पण जीर्ण पिस्टन-रिंगांमुळेही तसाच धूर येतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजल्याखेरीज टर्बोवर ठपका ठेवणे म्हणजे एकाच पत्रावरून अख्ख्या मोहिमेचा इतिहास लिहिणे.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. हजारो नाराज मालकांना द्रवाची सवय लावण्यापेक्षा भानगडच काढून टाकणे व्यवहाराला धरून होते, आणि ग्राहकाला गाडी चालवायची होती, प्रयोगशाळा नव्हे. एवढे मान्य करूनही एक गोष्ट खटकते. उतरवलेल्या प्रत्येक टर्बोबरोबर तो का चालला नाही याचा पुरावाही गेला. पुढे १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली, १९७५ मध्ये पोर्शेची ९११ टर्बो. आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी साबने एपीसी ही यंत्रणा बसवली, जी इंजिनातील नॉकिंग स्वतः ऐकते आणि तेवढ्यापुरता टर्बोचा दाब उतरवते. जेटफायरने मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले काम साबने इलेक्ट्रॉनिक कानावर सोपवले.

आज मूळ यंत्रणेसह उरलेल्या जेटफायर दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या मालकांपुढे खरा पेच आहे. रबरी पडदे नव्याने घडवून ती लहरी यंत्रणा चालू ठेवावी, की आधुनिक इंधन-इंजेक्शन बसवून निश्चिंतपणे गाडी चालवावी? चालवण्यासाठी दुसरा मार्ग गैर नाही, मात्र काढलेला एकही भाग भंगारात जाता कामा नये. जुना तडकलेला पडदासुद्धा तारीख घालून पिशवीत जपावा, कारण नव्याचे माप उद्या त्याच्यावरूनच घ्यावे लागेल.

पेचाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. १९६५ मध्ये टर्बो काढून फोर-बॅरल कार्ब्युरेटर लावलेली जेटफायर सापडली, तर तिला घाईघाईने ‘मूळ रूपात’ आणणे योग्य आहे का? तो कार्ब्युरेटर हाही दस्तऐवजच आहे. कंपनीने स्वतःच्याच निर्मितीबद्दल दिलेला तो लेखी निकाल म्हणावा. मंदिराच्या जीर्णोद्धारात मधल्या काळातील बांधकाम पाडून टाकणाऱ्यांवर टीका करणाऱ्यांनी इथे वेगळा न्याय लावू नये. आधी छायाचित्रे, मोजमापे, नोंदी, पान्हा त्यानंतर.

आणि ज्यांच्याकडे टर्बो शाबूत आहे, त्यांनी टाकी भरावी, झाकण घट्ट बसवावे, मगच चावी फिरवावी.