लखोबाचे वकीलपत्र

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मधील लखोबा लोखंडे प्रेक्षकांना मोहवितो, याचे श्रेय आपली समीक्षा एकतर प्रभाकर पणशीकरांच्या अभिनयाला देते, नाहीतर मानवी मनातील सुप्त दुष्प्रवृत्तीला. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. दोन्ही नाट्यरचनेकडे पाठ फिरवितात.

निपाणीच्या या तंबाखूच्या व्यापाऱ्याची पाचही रूपे एकच नट साकारतो. परिणामी, फसविल्या गेलेल्या स्त्रियांना जे ठाऊक नव्हते, ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. हे ज्ञान त्याला सुरक्षित करते आणि नकळत खलनायकाच्या पंगतीला बसविते. साक्षीदारांच्या जबान्या मग त्याला पुरावा न वाटता पुढच्या सोंगाची नांदी वाटतात. दाद लखोबाच्या चातुर्याला मिळते. तिची किंमत मात्र पिंजऱ्यात उभी असलेली स्त्री मोजते. नाटकामागे प्रत्यक्ष घडलेला खटला होता, हे लक्षात घेता ही दाद निरुपद्रवी म्हणता येत नाही.

तात्पर्य, प्रेक्षकाला खरा मोह पडतो तो ‘मी फसणार नाही’ या खात्रीचा. नाट्यगृहाबाहेर अशी खात्री कोणालाच नसते. हा प्रश्न टाळून केवळ अभिनयाचा गौरव करणारी समीक्षा लखोबाचेच वकीलपत्र घेत असते.